सातपुड्याचा शृंगधारी



बऱ्हाणपूरच्या स्थानकावरून जबलपूरकडे जाणारी गाडी खंडवा आणि इटारसी ओलांडून पुढे निघाली, की सोहागपूर-पिपरियापर्यंत उजव्या हाताला सातपुड्याची रांग सोबत करते. या मार्गाने पचमढीस जाणारी मराठी कुटुंबे खिडकीतून डोंगर पाहतात, डबा उघडतात आणि पिपरियाला उतरून घाट चढू लागतात. त्या डोंगरांच्या पायथ्याशी देनवा नावाची नदी वाहते. पचमढीच्या डोंगरांना वळसा घालून ती तवेला मिळते आणि तवा नर्मदेला. या देनवेच्या नावाने भूशास्त्रज्ञ एका खडकसमूहाला ओळखतात. त्यातील तांबड्या मातीच्या थरांमधून निघालेल्या एका प्राण्याची कथा हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा प्राणी सरीसृप होता, शाकाहारी होता, आणि त्याच्या कपाळावर दोन शिंगे होती.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर सरपटणाऱ्या प्राण्याचे काय काम, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शंभर वर्षे जुन्या पोथ्या, फाटक्या पुठ्ठ्यांची मासिके आणि पाने गळालेले ग्रंथ सांभाळणाऱ्यांना हा विषय वाटतो तितका परका नाही. अपुऱ्या, विस्कळीत आणि मधली पाने गहाळ झालेल्या संहितेतून अर्थ लावणे हे जसे अभ्यासकाचे काम, तसेच ते जीवाश्म वाचणाऱ्याचेही आहे. वाचन चुकले तर काय होते, याचा धडाही या कथेत आहे.

प्रथम काळाचा अंदाज घ्यावा लागेल. बऱ्हाणपूर हे जुने शहर आहे. फारुकी राजवटीत पंधराव्या शतकाच्या आरंभी ते वसले. अब्दुर्रहीम खानखानांचा इथला वावर, १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणणारा कुंडी भंडारा, १६३१ मध्ये येथेच झालेला मुमताजचा अंत, या गोष्टी बऱ्हाणपूरकरांना घरच्यासारख्या आहेत. कुंडी भंडाऱ्याच्या विहिरीत उतरणारा मनुष्य चारशे वर्षे खाली उतरल्यासारखे त्याला वाटते. परंतु त्या विहिरी ज्या काळ्या खडकांच्या मुलखात खोदल्या आहेत, आणि आशीरगड ज्या खडकावर उभा आहे, तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचा आहे. महाराष्ट्राचे सह्यकडे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी आणि खानदेश-निमाडचा मोठा भाग याच दगडाने घडला आहे.

आपल्या कथेचा नायक या दगडाहूनही फार जुना आहे. त्याचा काळ सुमारे २४ कोटी ७० लाख ते २४ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. भूशास्त्रज्ञ त्याला मध्य ट्रायासिक म्हणतात. म्हणजे बऱ्हाणपूरच्या पायाखालचा लाव्हा वाहू लागला, तेव्हा हा प्राणी पृथ्वीवरून नाहीसा होऊन सतरा-अठरा कोटी वर्षे लोटली होती. बऱ्हाणपुरात त्याच्या अस्थी सापडत नाहीत याचे एक कारण हेच. येथे काळ्या पाषाणाचे जाड पांघरूण अंथरलेले आहे. पूर्वेकडे, होशंगाबाद, बैतूल, छिंदवाडा या बाजूंना ते पांघरूण विरळ होते आणि त्याखालचे जुने वालुकाश्म व मृत्तिकाश्म उघडे पडतात. या जुन्या खडकांना शास्त्रात गोंडवन हे नाव आहे. १८७२ मध्ये हेन्री मेडलिकट यांनी ते गोंडांच्या भूमीवरून योजिले. पुढे एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने भारत, आफ्रिका आदी भूभाग एके काळी जोडलेले असावेत असे मांडताना त्या प्राचीन महाभूमीलाही हेच नाव दिले. सातपुड्यातील एका जनसमूहाचे नाव अशा रीतीने जगाच्या भूगोलात जाऊन बसले.

देनवा खडकसमूहाकडे अभ्यासकांचे लक्ष जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड लिडेकर यांनी येथील प्राण्यांच्या अवशेषांवर लिहिले. सातपुड्याच्या उत्तर उतारांचा तपशीलवार भूशास्त्रीय अभ्यास क्रुकशँक यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. बेडकांच्या दूरच्या नात्यातले, पण मगरीएवढे वाढणारे उभयचर आणि फुप्फुसाने श्वास घेणारे मासे येथे होते, हे हळूहळू कळत गेले. तो सारा प्रदेश तेव्हा नद्यांचा आणि पूरमैदानांचा होता.

याच थरांतून, होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, एक अस्थिसंचय हाती आला. अवघ्या पंचवीस चौरस मीटरच्या जागेत, म्हणजे एखाद्या मध्यम दिवाणखान्याएवढ्या भूमीत, किमान सात प्राण्यांची हाडे एकमेकांत मिसळून पडलेली होती. त्यांत लहान होते, वाढीला लागलेले होते आणि पूर्ण वाढलेलेही होते. बहुतेक हाडे विखुरलेली होती. एका सांगाड्याची हाडे मात्र काही प्रमाणात जागच्या जागी होती. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सारदी सेनगुप्ता व शाश्वती बंद्योपाध्याय आणि अर्जेंटिनाचे मार्टिन एझ्कुरा यांनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे नामकरण केले: शृंगसौरस इंडिकस, म्हणजे भारतातील शिंगवाला सरीसृप.

हा प्राणी दिसत कसा असेल? लांबी तीन ते चार मीटर, म्हणजे बैलगाडीच्या आसपास. अंग पिंपासारखे, मान लांब, त्यामानाने डोके लहान आणि मुस्कट आखूड. डोळ्यांच्या वर दोन जाड, निमुळती आणि पुढच्या बाजूस वर वळलेली शिंगे. चित्रपटांमुळे मुलांनाही ठाऊक झालेल्या शिंगाळ्या ट्रायसेराटॉप्स डायनोसॉरची या शिंगांवरून आठवण होते. परंतु साम्य शिंगांपुरतेच. शृंगसौरस हा डायनोसॉर नव्हता. डायनोसॉर पृथ्वीवर निश्चितपणे दिसू लागतात ते त्याच्यानंतर, आणि त्यांच्यातले शिंगाळे तर सुमारे सोळा कोटी वर्षांनी. मगरी, पक्षी आणि डायनोसॉर ज्या मोठ्या कुळातून निघाले, त्या कुळाच्या मुळाशी फुटलेली आणि पुढे वाळून गेलेली ही एक फांदी होती. निसर्गाने एकच कल्पना दोन निरनिराळ्या वेळी, दोन निरनिराळ्या घराण्यांत राबविली, एवढाच त्या साम्याचा अर्थ.

त्याहून महत्त्वाचे त्याचे दात. ते पानाच्या आकाराचे, ठेंगणे आणि कडांना मोठे दाते असलेले आहेत. मांस फाडणाऱ्याचा दात सुरीसारखा बाकदार असतो. हे दात पाला कातरणाऱ्याचे आहेत. आणि येथेच या प्राण्याचे खरे महत्त्व सुरू होते. आपल्याला शाकाहार ही साधी, सौम्य गोष्ट वाटते. प्राण्याच्या शरीराच्या दृष्टीने ती मोठी अवघड विद्या आहे. मांस पचविणे सोपे, कारण ते खाणाऱ्याच्या शरीरासारखेच असते. पाल्यातील तंतुमय द्रव्य पचविण्याचे पाचकरस मात्र पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात मुळातच नसतात. त्यासाठी पोटात सूक्ष्म जीवांना आश्रय द्यावा लागतो, अन्न दीर्घकाळ आंबत ठेवावे लागते आणि त्यासाठी आतडी लांब व पोट मोठे लागते. गाईच्या पोटाचा घेर पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. शृंगसौरसचे पिंपासारखे अंग त्याच हिशेबात बसते.

काळही अवघड होता. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर असा संहार झाला, की समुद्रातील आणि भूमीवरील बहुसंख्य जीवजाती लयाला गेल्या. त्या उजाडलेल्या जगात सरीसृपांच्या ज्या घराण्याने पुढे राज्य केले, त्याचे आरंभीचे सदस्य बहुधा लहान आणि मांसभक्षक होते. त्यांच्यातून पाल्यावर जगणारे, मोठ्या अंगाचे प्राणी निपजणे म्हणजे एका घराण्याने नवा व्यवसाय पत्करणे होय. शृंगसौरस हा त्या पहिल्या पिढ्यांतला आहे.

येथे भाषेच्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. शाकाहारी प्राणी म्हटले की मराठीत लगेच ‘चरणे’ हे क्रियापद येते, आणि चरणे म्हटले की गवत आलेच. पण त्या काळी गवत नव्हते. नेचे होते, सायकसच्या जातीची झाडे होती, सूचिपर्णी वृक्ष होते आणि बीजधारी नेच्यांची दाटी होती. फूल म्हणावे असे काहीही नव्हते. गवताचा जुना पुरावा पुष्कळ अलीकडचा, आणि गमतीची गोष्ट अशी, की त्यातला एक महत्त्वाचा पुरावा मराठी मुलखातलाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींतील सिकतेचे सूक्ष्म कण वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. २००५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात गवत होते, हे जगाला मान्य करावे लागले. देनव्याचा शृंगधारी मात्र गवतावाचूनच जगला. तो चरत नव्हता, ओरबाडत होता.

आता शिंगांविषयी. सात प्राण्यांच्या त्या अस्थिसंचयात एक कवटी अशी निघाली, की तिच्यावर शिंगांचा मागमूस नाही. ते बारके पिल्लू असते तर शिंगे अजून फुटायची आहेत असे म्हणता आले असते. पण ती कवटी तेवढ्या लहान वयाची नव्हती. संशोधकांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला, की शिंगे असणे आणि नसणे हा नर-मादीतील भेद असावा, आणि शिंगे ही झुंजीसाठी अथवा जोडीदाराचे लक्ष वेधण्यासाठी उपजली असावीत. हरणांत, मेंढ्यांत, भुंगेऱ्यांतही हेच चालते.

हे वाचताना संस्कृत काव्यशास्त्राचा विद्यार्थी थबकतो. संशोधकांनी ‘शृंग’ हा शब्द शिंग या साध्या अर्थाने घेतला. मराठी ‘शिंग’ त्यातूनच आला. परंतु ‘शृंगार’ या शब्दाची फोड करताना विश्वनाथाने साहित्यदर्पणात ‘शृंग’ म्हणजे मदनाचा उद्भेद, असा अर्थ दिलेला आहे. रसराज म्हणविणारा शृंगार आणि बैलाचे शिंग यांचा शब्दसंबंध शेकडो वर्षे पाठ केला जात होता आणि तो बहुतेकांना ओढूनताणून आणलेला वाटत होता. शृंगसौरसच्या कपाळावर मात्र शिंग आणि प्रियाराधन यांचे नाते हाडात कोरून ठेवलेले आढळले. योगायोगच तो, पण नामकरण करणाऱ्यांनाही न सुचलेला अर्थ नावात सापडावा, हा आनंद वाङ्मयाच्या वाचकाचा आहे.

मात्र त्या शिंगविरहित कवटीची दुसरी बाजूही पाहावी. समजा ती एकटीच, दूर कुठेतरी, दहा वर्षे आधी सापडली असती. बिनशिंगाचा निराळाच प्राणी म्हणून तिला वेगळे नाव मिळण्याची शक्यता होती. ती सात जणांच्या सोबतीत सापडली म्हणून तिची ओळख पटली. सुटे पान आणि ग्रंथातले पान यांतील फरक ग्रंथपालाला वेगळा सांगावा लागत नाही.

हे केवळ कल्पनेचे नाही. शृंगसौरसच्या अगदी जवळच्या नातलगाच्या बाबतीत असे घडलेले आहे. मोरोक्कोच्या अ‍ॅटलस पर्वतात अझेंदो या गावाजवळ पानाच्या आकाराचे काही दात आणि जबड्याचे तुकडे मिळाले. १९७२ मध्ये त्यांवरून अझेंदोसौरस हे नाव देण्यात आले आणि हा एक आरंभीचा शाकाहारी डायनोसॉर आहे असे सांगण्यात आले. अनेक वर्षे तो तसाच मानला गेला. पुढे मादागास्करमध्ये त्याच जातकुळीचे पुष्कळ पूर्ण अवशेष मिळाले आणि २०१० मध्ये त्याच्या कवटीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. तेव्हा स्पष्ट झाले, की दात डायनोसॉरसारखे असले तरी प्राणी डायनोसॉर नव्हे. पाला खाण्याचे काम एकच असल्याने हत्यारही एकसारखे घडले होते. दातांवरून वंश ठरविणाऱ्यांची फसगत झाली. देनव्याच्या प्राण्याला योग्य घराण्यात बसविता आले ते या मादागास्करच्या दुरुस्तीनंतर. आज अझेंदोसौरस आणि शृंगसौरस एकाच कुळात मोडतात. मोरोक्को, मादागास्कर आणि मध्य प्रदेश ही तिन्ही स्थळे तेव्हा एकाच अखंड भूमीवर होती.

जीवाश्मांच्या या वाचनात मराठी मुलखाचा वाटा नवा नाही. १८४५ मध्ये नागपुरास आलेले स्कॉटिश पाद्री स्टीफन हिस्लॉप धर्मकार्याबरोबर विदर्भाचे दगड वाचीत असत, आणि गोंडांची लिंगोची गाणीही टिपून घेत असत. त्यांचे गोंडांविषयीचे लेखन त्यांच्या मागे, १८६६ मध्ये, रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केले. नागपूरच्या दक्षिणेस, आजच्या तेलंगणात मालेरी नावाचे गाव आहे. तेथील तांबड्या मातीतून दात व हाडे मिळत, आणि त्यांविषयी हिस्लॉप लंडनला पत्रे पाठवीत. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. मध्य हिंदुस्थानातील सरीसृपांच्या दातांविषयी व हाडांविषयी त्यांच्या पत्रांतील उतारे लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८६४ मध्ये छापले, तेव्हा पत्रलेखक हयात नव्हता.

मालेरीच्या मातीतील एका प्राण्याचे नाव हायपरोडॅपेडॉन. शृंगसौरसनंतरच्या काळातला हा दुसरा शाकाहारी सरीसृप. पुढे चोच, मागे दातांच्या रांगा बसविलेले रुंद फलक, त्यांच्या मधोमध खोबण आणि खालचा जबडा त्या खोबणीत पात्यासारखा बसणारा. मराठी घरातील अडकित्ता डोळ्यांसमोर आणला की त्याची कल्पना येते. तो शिंपले फोडून खात असावा असेही काही काळ मानले गेले. आज बहुतेकांचा कौल वनस्पतींच्या बाजूने आहे. या प्राण्याचा पहिला नमुना स्कॉटलंडमध्ये एल्गिनजवळ मिळाला होता आणि १८५९ मध्ये टॉमस हक्सली यांनी त्याला नाव दिले. एल्गिनचा तो वालुकाश्म फार प्राचीन, माशांच्या युगातला समजला जात असे. अशा पुरातन दगडात इतका प्रगत सरीसृप कसा, हे कोडे होते. इतरत्र, आणि त्यांत मध्य हिंदुस्थानातही, त्याच जातीचे अवशेष निघाले. १८६९ मध्ये हक्सली यांनी त्यांची नोंद घेतली, आणि एल्गिनचा दगड मानला गेला त्याहून पुष्कळ अर्वाचीन आहे हे मत दृढ झाले. स्कॉटलंडच्या दगडाचे वय ठरविताना विदर्भाच्या सीमेवरील तांबड्या मातीची साक्ष अशी उपयोगी पडली. मध्य प्रदेशातही, शहडोल जिल्ह्यातील टिकी येथून याच प्राण्याची एक निराळी जात २०१४ मध्ये नोंदली गेली.

या सर्व अस्थी कोठे जातात? शृंगसौरसच्या अस्थी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहेत. आकडेशास्त्राच्या संस्थेत हाडे कशी, तर प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५७ मध्ये लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना पाचारण करून तेथे भूशास्त्राचे काम सुरू केले. याच संस्थेच्या लोकांना १९६१ च्या सुमारास प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची शेकडो हाडे मिळाली. ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे. म्हणून १९७५ मध्ये त्या प्राण्याचे नाव बारापासौरस टागोराय असे ठेवले गेले. शताब्दी साजरी करण्याचे मार्ग नाना असतात. एका कवीच्या शताब्दीची खूण एका मुक्या, महाकाय प्राण्याच्या नावात राहिली.

परंतु हाडे संग्रहालयात पोचण्यापूर्वी कुणाच्या तरी ओंजळीत येतात. निमाडला लागून असलेल्या धार जिल्ह्यातील पाडल्या गावी लोक काही गोल दगडांची काकड भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजा करीत होते. शेताचे आणि गुराढोरांचे तो रक्षण करतो, अशी त्यांची श्रद्धा. ते गोल दगड म्हणजे डायनोसॉरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्याचे वृत्त २०२३ च्या डिसेंबरात सर्वत्र झळकले. नाव चुकले असेल, पण नारळ फोडणाऱ्या त्या हातांनी वस्तू जपली. जिथे अशी पूजा नव्हती, तिथली अंडी आणि हाडे नांगराखाली गेली, बांधात रचली गेली, खडी होऊन रस्त्यात पडली. त्यांची मोजदाद कोणी करू शकत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी आजही पावसाळ्यानंतर तांबड्या मातीचा नवा थर उघडा पडतो. तिथून जाणारा गुराखी पायाखालचे हाड ओळखील की नाही, हे त्याला ते कोणी, कोणत्या भाषेत सांगितले आहे यावर अवलंबून आहे. देनव्याच्या शृंगधारीविषयीचा मूळ प्रबंध इंग्रजीत आहे, अस्थी बंगालमध्ये आहेत, नाव संस्कृतातून घेतलेले आहे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना बोलल्या जाणाऱ्या मराठी, निमाडी, हिंदी, कोरकू आणि गोंडी या भाषांत त्याची गोष्ट पोचणे बाकी आहे.

बऱ्हाणपूरच्या या मराठी ग्रंथालयाने शंभर वर्षे दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात आपल्या भाषेची पुस्तके जपली. एखाद्या मुलाने पचमढीच्या सहलीहून खिशात घालून आणलेला दगड घेऊन या दारात यावे, आणि हे काय आहे असे विचारावे. त्याच्या हाती देण्याजोगे एक मराठी पुस्तक इथल्या कपाटात असावे, एवढी अपेक्षा या शताब्दीच्या निमित्ताने व्यक्त करणे अनुचित होणार नाही.